पायाला बांधलेली चिठ्ठी

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झाले ते परीक्षा घेणारे विद्यापीठ म्हणून. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि तपासायचे विद्यापीठाने, अशी सरळ वाटणी होती. विद्यापीठाची स्वतःची ना प्रयोगशाळा होती, ना नमुन्यांचे कपाट. त्यामुळे या शहरात प्राणी आणि वनस्पतींचे खरेखुरे संशोधन पदवीच्या वाटेने आलेच नाही. ते आले हौसेच्या वाटेने. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी ठरवले की महिन्यातून एकदा भेटायचे, पाहिलेले एकमेकांना सांगायचे आणि कोणाला काही विशेष सापडले असेल तर ते दाखवायचे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सुरुवात एवढीच आहे. ना देणगी, ना सनद, ना इमारत. पहिल्या काही सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात झाल्या. एका संग्रहालयाच्या आसऱ्याने जन्मलेल्या या संस्थेने पुढे चाळीस वर्षांनी दुसऱ्या संग्रहालयाचे एक अख्खे दालन उभे केले आणि विद्यापीठाला क्षेत्रीय जीवशास्त्र शिकवले. या लेखात मुख्यतः या त्रिकोणाचीच हकिकत आहे.

आठांपैकी दोघे मराठी होते. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक आणि १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्राचेही जाणकार होते. मुंबईच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांनी केलेली यादी १८७९ साली प्रसिद्ध झाली होती. आज त्यांचे नाव निघते ते बहुधा रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या त्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, १८८५ साली ते वारले. संस्थेला त्यांचा सहवास जेमतेम दीड वर्ष लाभला. इथे एक धागा जाता जाता नोंदवावासा वाटतो. पुढे रखमाबाईंना विलायतेत डॉक्टरकीचे शिक्षण घ्यायला कामा हॉस्पिटलच्या ज्या डॉ. एडिथ पेची यांनी मदत केली, त्यांनी लग्न केले ते हर्बर्ट फिप्सन यांच्याशी. आणि हे फिप्सन म्हणजे आपल्या संस्थेचे दुसरे मानद सचिव. तेव्हाची मुंबई एवढी लहान होती की समाजसुधारणा, वैद्यक आणि कीटक गोळा करण्याची हौस ही तिन्ही एकाच दिवाणखान्यात बसत.

पहिले मानद सचिव एडवर्ड हॅमिल्टन ऐटकन. वाचक त्यांना 'ईहा' या टोपणनावाने ओळखत. जन्म साताऱ्याचा, १८५१ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून हे गृहस्थ मीठ आणि जकात खात्यात शिरले. उरण, खाराघोडा, कारवार, रत्नागिरी अशा बदल्यांच्या गावी त्यांनी कावळे, बेडूक, मुंग्या आणि बंगल्यात शिरणारे इतर बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू यांच्यावर जे खुसखुशीत लिहिले, ते आजही वाचवते. स्वतः ईहा मुंबई विद्यापीठाचे एम.ए. होते, तेही पहिल्या क्रमांकाचे. पण त्यांचे निसर्गज्ञान विद्यापीठाच्या कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हते. विद्वत्तेला शिंगे फुटू नयेत याची काळजी त्यांच्या गद्याने घेतली, आणि संस्थेच्या नियतकालिकालाही त्यांनी ती सवय लावली. ईहा आणि स्टर्नडेल यांच्या संपादनाखाली जानेवारी १८८६ मध्ये 'जर्नल' सुरू झाले, आणि ते आजही निघते. या अंकांत वनाधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे इंजिनिअर, चहामळेवाले, लष्करी अधिकारी अशा पोटापाण्याचा उद्योग भलताच असलेल्या माणसांनी घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या.

१८८४ च्या जानेवारीत फिप्सन यांनी आपल्या मद्याच्या पेढीतली एक खोली सभांना देऊ केली. दोन वर्षांनी संस्था अपोलो स्ट्रीटवरच्या ६ क्रमांकाच्या जागेत गेली आणि फिप्सन यांच्या हातात कारभार आला. १८९४ मध्ये कारवारहून तीन महिन्यांचे महाधनेशाचे एक पिल्लू तिथे आले. त्याचे नाव विल्यम. सचिवाच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात त्याने सव्वीस वर्षे काढली. लांबून फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत झेलायचा. एकदा त्याने पेटता चुरूट गिळला आणि त्याला काही झाले नाही. १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळला आणि त्यातच तो गेला. संस्थेचे बोधचिन्ह आणि हॉर्नबिल हाऊस हे इमारतीचे नाव दोन्ही त्याच्यावरून आली. आपल्याकडे इमारतींना देणगीदारांची नावे देण्याची चाल आहे. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे नाव मिळालेली इमारत विरळाच.

आता संग्रहाकडे येऊ, कारण संस्थेची खरी मालमत्ता तीच. पक्ष्याचा अभ्यासनमुना कसा तयार होतो हे अनेक सभासदांनाही ठाऊक नसते. संग्रहालयात काचेमागे उभा असतो तो पेंढा भरलेला पक्षी वेगळा. अभ्यासाच्या नमुन्याला काचेचे डोळे नसतात, तो फांदीवर बसत नाही. पोटावर एक छेद घेऊन आतले धड काढून टाकायचे, कवटी रिकामी करायची, पंख आणि पायांची हाडे ठेवायची, कातड्याला आतून सोमलाचा साबण चोळायचा म्हणजे कसर लागत नाही, मग कापूस भरून पोट शिवायचे आणि पक्षी पाठीवर आडवा, पंख मिटून, चोच सरळ ठेवून वाळवायचा. डोळ्यांच्या जागी कापसाचे पांढरे ठिपके दिसतात. असे पक्षी उथळ खणांत एकमेकांना लागून निजवलेले असतात. खण ओढला की डांबरगोळ्यांचा भपकारा येतो. अनेक दशकांच्या अंतराने मारलेले एकाच जातीचे पक्षी शेजारी शेजारी ठेवून पिसांचा रंग, चोचीची लांबी, पंखाचे माप ताडून पाहता येते ते याच खणांत.

पण नमुन्याचा जीव त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीत असतो. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी मिळवला. बोरूने किंवा टाकाने, बारीक अक्षरात, चारच गोष्टी. चिठ्ठी हरवली की उरतो तो फक्त कापूस भरलेला पक्षी. शोभेला ठीक, शास्त्राच्या उपयोगाचा नाही. संस्थेच्या इतिहासातली जवळपास प्रत्येक मोठी गोष्ट या चिठ्ठीपाशी येऊन थांबते, म्हणून हा एवढा पसारा मांडला.

या शिस्तीवर उभे राहिलेले पहिले मोठे काम म्हणजे सस्तन प्राण्यांची पाहणी. फिप्सन यांच्यानंतर कारभार पाहणारे मिलार्ड यांनी १९११ मध्ये वर्गणीचे आवाहन केले. संस्थानिक, मळेवाले, सरकार यांनी पैसे दिले आणि पाहणीची सुरुवात झाली ती खानदेशातून. क्रंप नावाचे संग्राहक तिथे उंदीर, घुशी, खारी, वटवाघळे गोळा करत हिंडले; पहिला अहवालही खानदेशचाच. १९२३ पर्यंत चाललेल्या या कामात सुमारे २५,००० नमुने जमले. मोठ्या शिकारीत कोणाला रस नव्हता. वाघ आणि सांबर आधीच ठाऊक होते. उणीव होती ती पायाखालून पळणाऱ्या बारीक प्राण्यांची. १९१२ च्या सुमारास संस्थेतल्या प्रेटर या तरुणाला बेळगावकडच्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले. लंडनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी ते नव्या जातीचे म्हणून जाहीर केले आणि त्याला पाहणीचे जुने पाठीराखे, निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे नाव दिले. त्यानंतर कित्येक दशके ही जात त्या एका गुहेपलीकडे कुठे ठाऊकच नव्हती.

या पाहणीचे गोडवे आपण दर वर्धापनदिनी गातो. तिची दुसरी बाजूही स्मरणिकेत यावी. नामकरणाचा मान आणि नव्या जातींचे मूळ नमुने लंडनला गेले. भारतीय अभ्यासकाला आपल्याच दारच्या उंदराचे मूळ माप बघायचे तर बोटीने प्रवास करावा लागे. शिवाय अहवालांत साहेब संग्राहकांची नावे नावनिशीवार येतात, पण बिळे दाखवणारे भिल्ल, सापळे लावणारे, कातडी सोलणारे आणि वाळवणारे हात यांचा उल्लेख फार तर 'माझा माणूस' असा. चिठ्ठीवर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

प्रेटर हे त्या पाहणीतूनच घडले. १९०७ मध्ये संस्थेत आलेला हा अँग्लो-इंडियन तरुण पुढे अभिरक्षक झाला, भारतीय सस्तन प्राण्यांवरचे त्याचे पुस्तक १९४८ मध्ये निघाले आणि मधल्या काळात तो आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून संविधान सभेतही बसला. पण मुंबईकरांवर त्याचे सर्वांत मोठे ऋण आहे ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधल्या निसर्गेतिहास विभागाचे. या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसली. जॉर्ज विटेट यांची घुमटाची इमारत तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात ती लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली. १० जानेवारी १९२२ रोजी ती लोकांना खुली झाली आणि पुढच्याच वर्षी संस्थेच्या संग्रहातून निसर्गेतिहास विभाग उभा राहू लागला. काचेमागे मातीची उतरण, रंगवलेले आभाळ, कृत्रिम पाने आणि त्यात बसवलेले खरे पक्षी-प्राणी. शाळेच्या सहलीत रांगेने ते बघितले नाही असा मुंबईकर सापडणे कठीण. खणातला नमुना अभ्यासकांचा, काचेमागचा नमुना लोकांचा. संस्थेने दोन्ही सांभाळले.

या विभागात १९२६ मध्ये महिना ३५० रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून एक तिशीचा माणूस रुजू झाला. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तो संस्थेत आला, मिलार्ड यांनी त्याला खण उघडून दाखवले, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. ती इथे पुन्हा सांगत नाही. सांगण्यासारखे आहे ते नंतरचे. सलीम अलींना झूऑलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा पदवी नाही म्हणून मिळाली नाही. सेंट झेवियर्स कॉलेजच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने त्यांनी तिथे प्राणिशास्त्राचा अभ्यास केला होता, तेवढेच त्यांचे विद्यापीठीय भांडवल. म्युझियममधल्या नोकरीतून रजा घेऊन ते बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले आणि १९३० मध्ये परत आले तर पैशाच्या चणचणीपायी ती जागाच रद्द झालेली होती.

बेकारीत ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. दिवसचे दिवस त्यांनी ती पाहिली आणि १९३१ मध्ये 'जर्नल'मध्ये जे लिहिले, त्याने या पक्ष्याबद्दलचा समज बदलला. घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की माद्या पाहणीला येतात. एखादीने पसंत केले तर तो ते पुरे करतो, ती अंडी घालायला बसते आणि हा लगेच शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. दुर्बीण, वही आणि चिकाटी यांखेरीज या संशोधनाला काही लागले नाही. याच सुमारास त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात असल्यामुळे मराठवाड्याच्या पक्षिज्ञानाचा पायाही तिथे घातला गेला.

फादर ब्लॅटर यांचा उल्लेख वर ओझरता झाला, पण विद्यापीठाच्या बाजूने या त्रिकोणाला पहिला टेकू त्यांचाच. या स्विस जेझुइटाने झेवियर्समध्ये १९०६ साली वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सुरू केला. तोच आजचा ब्लॅटर हर्बेरियम. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात, विद्यार्थ्यांच्या हाताशी, चिठ्ठीसकट नमुने ठेवायची ही रीत तेव्हा नवी होती. कॅसलरॉकला जन्मलेले चार्ल्स मॅककॅन हे त्यांचे शिष्य पुढे आपल्या संस्थेच्या सेवेत आले. ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे सुंदर भारतीय झाडांवरचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. ब्लॅटर यांच्यानंतर तिथे स्पेनमधून आलेले फादर सान्तापाऊ आले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचे त्यांचे काम घाटात हिंडणारे अजूनही काढून बघतात. हा माणूस भारताचा नागरिक झाला आणि १९६१ पासून काही वर्षे बोटॅनिकल सर्व्हेचा संचालक होता. झेवियर्स आणि आपली संस्था यांच्यात माणसांची आणि नमुन्यांची देवाणघेवाण इतकी होती की कोण कोणाचे हे सांगणे अवघड जाई.

विद्यापीठाने मात्र दार उघडायला वेळ घेतला. १९५० च्या दशकात मुंबई विद्यापीठाने संस्थेला पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र म्हणून मान्यता दिली आणि सलीम अलींना मार्गदर्शक म्हणून. पदवी नाही म्हणून ज्याला नोकरी नाकारली गेली, तो आता पदव्यांच्या प्रबंधांवर सही करणार होता. पुढे अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिल्या, पण माझ्या मते ही मान्यता त्या सगळ्यांहून मोठी, कारण तिने शिक्षणाची रीतच बदलली. तोवर प्राणिशास्त्र म्हणजे मेणाच्या ताटलीत टाचण्यांनी ताणलेला बेडूक. आता विद्यार्थ्याने एक हंगाम, दोन हंगाम जिवंत प्राण्याच्या मागे काढायचे आणि त्यावर प्रबंध लिहायचा. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी विजयकुमार आंबेडकर यांनी विषय घेतला तो सुगरणींचाच. किहीमला बेकारीत सुरू झालेला अभ्यास भारतातल्या सुगरणींच्या इतर जातींपर्यंत पोचला आणि त्यांचे पुस्तक १९६४ मध्ये खुद्द मुंबई विद्यापीठाने छापले.

त्याच सुमारास नमुन्याची चिठ्ठी जिवंत पक्ष्याच्या पायात गेली. कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडांबरोबर माणसेही एका नव्या तापाने मरू लागली. स्थलांतर करून येणारे पक्षी असे रोग गोचिड्यांमार्फत वाहून आणतात की काय, हे शोधण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये पक्ष्यांना कडी घालण्याचे काम सुरू झाले. जाळ्यात धरायचा, मोजायचा, वजन करायचे, पायात अॅल्युमिनियमचे हलके कडे चढवायचे आणि सोडून द्यायचा. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवा अशी इंग्रजीतली विनंती. कोणी हजारो मैलांवर सोव्हिएत मुलखात ते कडे काढून पत्र पाठवले की एका पक्ष्याचा प्रवास उलगडायचा. जाळ्यांचे कसब मात्र कुठल्याच विद्यापीठात शिकवत नव्हते. ते होते बिहारच्या मीरशिकारांपाशी, ज्यांचा परंपरागत धंदाच पक्षी पकडण्याचा. त्यांच्यातले अली हुसेन यांनी कित्येक संशोधकांना इजा न करता पक्षी धरायला शिकवले. आणि त्यांचे नाव आपल्या लेखांतून येते, एवढी सुधारणा खानदेश पाहणीनंतर नक्कीच झाली. या प्रकल्पात काही काळ अमेरिकी लष्कराचा पैसा आला आणि त्यावरून सत्तरच्या दशकात संसदेपर्यंत टीका झाली, हेही इतिहासाचा भाग म्हणून नोंदवले पाहिजे. पैसा कोणाचा हा प्रश्न विज्ञानाला विचारू नये असे कोणी म्हणेल. तो विचारला गेला हे बरेच झाले.

आता खानदेशाकडे परत जाऊ, कारण चिठ्ठीची सर्वांत मोठी परीक्षा तिथेच झाली. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८७२ मध्ये प्रथम मिळाले आणि पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले. त्यानंतर बारा वर्षांत त्याची जेमतेम सात कातडी जमली. त्यातली बहुतेक जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादे आणि तळोदे भागात मिळवलेली. हेच डेव्हिडसन पुढे कारवारला ईहांच्या जोडीने फुलपाखरांच्या अळ्यांवर 'जर्नल'मध्ये लिहिते झाले. १८८४ नंतर रानपिंगळा दिसेनासा झाला. विसाव्या शतकातला एकच पुरावा होता: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी गुजरातेत तापीकाठी मांडवीला १९१४ मध्ये मारला म्हणून ब्रिटिश म्युझियमला दिलेला पक्षी. नमुना अस्सल, चिठ्ठी व्यवस्थित. त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे चुकीच्या जागी शोधत राहिले.

नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांना त्या कर्नलसाहेबांच्या संग्रहाबद्दल संशय आला. त्यांनी नायजेल कोलार यांच्याबरोबर ते कातडे क्ष-किरणांखाली घातले. प्रत्येक सोलणाऱ्याचा हात वेगळा असतो: कवटी कुठे कापली, पंखाचे हाड कसे सोडवले, कापूस कसा कोंबला. मांडवीचा म्हणून दिलेला पक्षी नंतर उसवून पुन्हा भरलेला होता, पण आतली मूळ हातोटी डेव्हिडसन यांची निघाली. म्हणजे कर्नलने ब्रिटिश म्युझियममधूनच डेव्हिडसन यांचा जुना पक्षी लांबवला, नवे रूप दिले, खोटी चिठ्ठी बांधली आणि त्याच म्युझियमला परत दान केला. मांडवी बाद झाल्यावर उरल्या खऱ्या चिठ्ठ्या, आणि त्या सगळ्या जुन्या होत्या. रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांसह त्या पत्त्यांवर निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, ११३ वर्षांनी, रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसला होता. डेव्हिडसन यांनी लिहिलेला पत्ता शतकानंतरही बरोबर होता. पुढे आपल्या संस्थेच्या संशोधकांनी तोरणमाळ आणि मेळघाटात त्याचा अभ्यास केला. २०१४ मध्ये तो थेट मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या तानसा अभयारण्यात सापडला. या माइनर्ट्झहागनबरोबर सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात हिंडले होते. त्या सफरीत कर्नलच्या पिशवीत काय काय होते, कोण जाणे.

गिधाडांचे प्रकरण अलीकडचे आणि सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात संस्थेने ऐंशीच्या दशकात दीर्घ पाहणी केली होती. त्यात गिधाडांची मोजदाद होती म्हणूनच संस्थेचे संशोधक विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकात सांगता आले की ती संपत चालली आहेत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घसरली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये पशुवैद्यकातल्या त्याच्या वापरावर बंदी आली. आधीचे आकडे नसते तर गिधाडे गेली एवढेच म्हणता आले असते. किती, केव्हा आणि कशाने हे कोणी सांगितले नसते.

आज हॉर्नबिल हाऊसमधल्या संग्रहात एक लाखाहून अधिक नमुने आहेत. इमारत वस्तुसंग्रहालयाच्या आवाराला लागून आहे, आणि १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे नाव असलेल्या त्या वास्तूत प्रेटर यांचा विभाग अजून आहे. विद्यापीठाचे पीएच.डी.चे विद्यार्थी संस्थेत येतात. पण नव्या प्रबंधांची संख्या वाढली तशी खणांकडे वळणाऱ्यांची वाढली असे म्हणवत नाही. जनुकांच्या अभ्यासाला जुन्या कातड्याच्या पंज्याचा एवढासा तुकडा पुरतो, ही बातमी महाविद्यालयांपर्यंत नीट पोचलेली दिसत नाही. अनेक महाविद्यालयांत प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राचे जुने संग्रह जागेअभावी हलवले जातात, आणि हलवताना पहिली गळते ती चिठ्ठी.

म्हणून वाचकांना एक विनंती. निवृत्त वनाधिकारी, मामलेदार, शिक्षक, डॉक्टर यांच्या घरी माळ्यावर जुन्या दैनंदिन्या, पक्ष्यांच्या याद्या, वाळवलेल्या वनस्पतींचे कागद पडून असतात. ते रद्दीत घालू नका. संस्थेकडे पाठवा किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या विभागाला दाखवा. शिंगे, कातडी, पेंढा भरलेले प्राणी असतील तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आधी वनखात्याला कळवा. आणि नमुना कितीही कसरीने खाल्लेला असला तरी त्याच्याबरोबरचा कागदाचा कपटा काढू नका, साफसूफ करू नका, वर नव्या अक्षरात काही लिहू नका. जसा आहे तसा द्या.